रोज रात्री संगणक आपोआप बंद करायचाय? घड्याळ लावणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक लॅपटॉप, चौघं आळीपाळीने वापरतात आणि रात्री बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारं साधन) रोज रात्री साडेअकराचं शटडाउन लावलं, दहा मिनिटांच्या सूचनेसह. महिन्याभरात तीन तक्रारी आल्या. वडील तासभर लिहीत बसले होते, तो मजकूर गेला. काही रात्री लॅपटॉप बंदच झाला नाही. आणि दोनदा सकाळी चालू केल्यावर काही मिनिटांतच तो आपणहून बंद झाला. टास्क बिघडलाय का, की यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं?

काही बिघडलेलं नाही आणि सॉफ्टवेअरही लागणार नाही. तुमचा टास्क अगदी इमानेइतबारे काम करतोय, सांगितलं तेवढंच करतोय. घोळ आहे तो टिक करायच्या, न वाचलेल्या चार-पाच चौकोनांत. तीनही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी हवेत.

सगळ्यात गंभीर आहे ती वडिलांच्या मजकुराची. तुमची कमांड आहे शटडाउन /एस /टी ६००. /एस म्हणजे बंद कर, /टी ६०० म्हणजे ६०० सेकंद थांबून. यात न लिहिलेली तिसरी गोष्टही आहे. /टी नंतरचा आकडा शून्याहून मोठा असला की विंडोज /एफ आपोआप गृहीत धरतं, आणि /एफ म्हणजे जबरदस्ती: उघडे प्रोग्रॅम ‘सेव्ह करू का?’ असं न विचारता बंद करायचे. बहुतेकांना वाटतं की दहा मिनिटं दिली म्हणजे आपण सौम्यपणे वागलो. प्रत्यक्षात दहा मिनिटं दिल्यामुळेच जबरदस्ती लागू होते. याउलट /टी ० दिलं तर शटडाउन लगेच सुरू होतं, पण न जतन केलेली फाइल असलेला प्रोग्रॅम त्याला अडवू शकतो. आकडा पाहून वाटतं त्याच्या बरोबर उलटं.

आता वडिलांच्या बाजूने पाहा. पडद्यावर सूचना आली असणार की विंडोज दहा मिनिटांत बंद होणार आहे. त्यांनी ‘क्लोज’ दाबलं आणि पुढे लिहायला लागले. सूचना मिटवणं म्हणजे शटडाउन रद्द करणं, असं कुणालाही वाटेल. पण ‘क्लोज’ने फक्त पाटी जाते, उलटी मोजणी आत चालूच राहते. रद्द करायला वेगळी कमांड आहे, शटडाउन /ए, आणि ती कुठल्याच सूचनेत लिहिलेली नसते.

तेव्हा मोजणीवालं शटडाउन ठेवायचंच असेल तर दोन गोष्टी आजच करा. एक, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून नवा शॉर्टकट तयार करा, त्यात शटडाउन /ए एवढंच लिहा आणि त्याला ‘आज बंद करू नकोस’ असं मराठीत नाव द्या. दुसरं, मूळ कमांडला /सी जोडून पुढे अवतरणचिन्हांत घरातल्या माणसाला कळेल असा संदेश लिहा: ‘दहा मिनिटांत बंद होणार. नको असेल तर डेस्कटॉपवरचं आज बंद करू नकोस दाबा’. संदेशाला ५१२ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे भरपूर झाली. (संदेशाच्या आत आणखी दुहेरी अवतरणचिन्हं घालू नका, कमांड तिथेच तुटते.) मोजणी सुरू नसताना हा शॉर्टकट दाबला तर १११६ क्रमांकाची त्रुटी येते, तिचं काही नाही. मोजणी सुरू असताना नवी वेळ द्यायला गेलात तर ११९० येते, म्हणजे आधीची वेळ लागलेली आहे. पहिल्यांदा /ए, मग नवी.

जाता जाता: ही सूचना, ही उलटी मोजणी घरगुती संगणकांसाठी जन्मलेलीच नाही. शटडाउन नावाची कमांड १९८० मध्ये युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीच्या ४.० बीएसडी आवृत्तीत आली. तेव्हा एका यंत्रावर अनेकजण आपापल्या टर्मिनलवरून काम करत, आणि यंत्र बंद करणाऱ्याला बाकीच्यांना आवरायला सांगावं लागे. त्या वेळची माणसं सूचना आली की काय करायचं हे जाणून होती. आपल्या घरातल्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी तक्रार, काही रात्री बंदच होत नाही. याची संभाव्य कारणं तीन आहेत, आणि तुमच्याकडे बहुधा एकाहून जास्त लागू असतील.

टास्क उघडून ‘कंडिशन्स’ या पानावर जा. तिथे ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कम्प्युटर इज ऑन एसी पॉवर’ हा चौकोन सुरुवातीपासूनच टिक केलेला असतो. म्हणजे चार्जर लावलेला असेल तरच टास्क चालणार. लॅपटॉप बॅटरीवर असताना बंद व्हायची गरज खरं तर जास्त, आणि नेमका तेव्हाच तो होत नाही. टिक काढा.

मग ‘जनरल’ पान. तिथे ‘रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन’ निवडलेलं असणार. इथला यूजर म्हणजे टास्क ज्याच्या नावाने बनवला तो, म्हणजे तुम्ही. रात्री बहिणीच्या खात्यातून लॉगिन असेल आणि तुमचं खातं उघडंच नसेल, तर टास्क गप्प बसतो. ‘चेंज यूजर ऑर ग्रुप’ दाबून तिथे सिस्टम हे विंडोजचं स्वतःचं खातं लिहा. मग कोण बसलंय याचा प्रश्न राहत नाही, पासवर्ड बदलला म्हणून टास्क अडकतही नाही.

तिसरं कारण म्हणजे साडेअकराला लॅपटॉप स्लीपमध्ये गेलेला असतो. स्लीपमधलं यंत्र टास्क चालवत नाही. त्यासाठी ‘वेक द कम्प्युटर टू रन धिस टास्क’ असा चौकोन आहे, पण तो टिक करू नका. झोपलेल्याला उठवून ‘आता झोप’ म्हणण्यातला तो प्रकार आहे. आणि एकदा उठलेलं यंत्र कुठल्याशा प्रोग्रॅमने अडवलं की रात्रभर जागंच राहतं.

या तिसऱ्या कारणातूनच सकाळची तक्रार निघते. ‘सेटिंग्ज’ पानावर ‘रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड’ हे तुम्ही टिक केलेलं असणार. रात्री बंद होत नाही म्हणून चिडून बरेच जण करतात, वाचायला ते शहाणपणाचं वाटतं. अर्थ असा की ठरलेली वेळ हुकली तर पुढच्या संधीला काम उरकून घे. बॅकअपसाठी, व्हायरस तपासणीसाठी ही सोय उत्तम आहे. शटडाउनसाठी ती म्हणजे पायावर धोंडा. रात्री लॅपटॉप झोपलेला होता, वेळ हुकली, सकाळी तुम्ही झाकण उघडलंत आणि काही मिनिटांनी टास्कने कालची थकबाकी वसूल केली. टिक काढा, सकाळचं बंद होणं संपेल.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, यंत्र स्वतः नोंद ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. १०७४ क्रमांकाची नोंद शोधा. कुठल्या प्रोग्रॅमने, कुठल्या खात्यातून, किती वाजता बंद करायला सांगितलं हे तिथे लिहिलेलं असतं. सकाळच्या त्या दोन वेळांना १०७४ दिसली आणि त्यात शटडाउनचं नाव असेल तर गुन्हेगार तुमचाच टास्क. त्याऐवजी ४१ किंवा ६००८ दिसली तर प्रकरण वेगळं: ते यंत्र रीतसर बंद झालेलंच नाही. वीज गेली, बॅटरी संपली, तापलं किंवा कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं. मग टास्कमध्ये कितीही खुडबुड केलीत तरी उपयोग नाही. टास्क शेड्यूलरच्या आतही ‘हिस्टरी’ नावाचं पान आहे, पण ते बहुतेक यंत्रांवर बंद असतं. उजवीकडच्या ‘एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी’वर एकदा क्लिक करून ठेवा.

एवढं केलंत तर सध्याची व्यवस्था सरळ चालेल. पण तुमच्या जागी मी असतो तर ही व्यवस्थाच ठेवली नसती.

कारण तुमची अडचण ‘साडेअकरा’ ही नाहीच. अडचण आहे ‘कुणी वापरत नसताना चालू राहतो’ ही. साडेअकरा हा त्याचा अंदाज आहे, आणि अंदाज वडिलांच्या बाबतीत चुकला. रिकामा पडलेला लॅपटॉप ओळखायचं काम विंडोजकडे आधीपासून आहे: सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग पॉवर, तिथे किती मिनिटांनी स्लीप आणि किती वेळाने हायबरनेट हे ठरवता येतं. हायबरनेट म्हणजे स्मृतीतलं सगळं डिस्कवर लिहून ठेवून वीज जवळजवळ पूर्ण तोडणं. बटण दाबलं की उघड्या फायली, अर्धवट वाक्य, सगळं होतं तसं परत येतं. वीज वाचते बंद केल्याइतकीच, आणि कुणाचा मजकूर जात नाही. चौघांच्या घरात हा एक मुद्दा मला बाकी सगळ्यांहून मोठा वाटतो.

हायबरनेटचा पर्याय दिसत नसेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी /एच ऑन लिहा. डिस्कवर त्यासाठी साधारण रॅमच्या ४० टक्के जागा अडते. डिस्क आधीच काठोकाठ भरलेली असेल तर हे आधी पाहा.

ठरावीक वेळच हवी असेल तर तोच टास्क ठेवा, पण कमांड शटडाउन /एच करा. तिला /टी जोडता येत नाही, म्हणजे आगाऊ सूचना मिळणार नाही. म्हणून ‘कंडिशन्स’मध्ये ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कम्प्युटर इज आयडल’ टिक करून १० मिनिटं द्या, आणि खालच्या ‘वेट फॉर आयडल’मध्ये दोन तास. अर्थ: साडेअकरापासून दीडपर्यंत वाट पाहा, मधे दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर झोपव. विंडोज आयडल ठरवताना फक्त कीबोर्ड-माउस पाहत नाही, प्रोसेसर आणि डिस्कवरचा भारही पाहतं. त्यामुळे मोठं काम चालू असेल तर विंडोज टास्कला थांबवतं, हे चांगलंच. पण कधी कधी पार्श्वभूमीला अपडेट चालू असतात आणि दोन तास तसेच निघून जातात. दहातल्या एका रात्री असं झालं तर मी मनावर घेत नाही.

जास्त वेळा होत असेल तर पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स लिहून पाहा, अर्थात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून. कोण झोपू देत नाही त्याचं नाव समोर येतं. व्हिडिओ चालू ठेवलेला ब्राउझरचा टॅब, नाहीतर ध्वनीचं एखादं उपकरण, बहुधा या दोघांपैकीच कुणीतरी सापडतं.

हायबरनेटला एक पथ्य आहे. रोज तेच केलं तर यंत्र आठवडेच्या आठवडे खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाही आणि हळूहळू कुरकुरायला लागतं. म्हणून आठवड्यातून एकदा खरं शटडाउन किंवा रीस्टार्ट. इथे एक गंमत आहे: विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर स्टार्ट मेनूतून ‘शटडाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, पूर्ण बंद होत नाही. कमांडने केलेलं शटडाउन /एस मात्र, /हायब्रिड जोडलं नाही तर, पूर्ण बंद करतं. त्यामुळे टास्कने बंद केलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी किंचित सावकाश सुरू झाला तर घाबरू नका.

तुम्ही ओझरता उल्लेख केलाय की रात्री बॅकअप लावून झोपायची सवय आहे. तिथे घड्याळ लावूच नका. बॅकअप किती वेळ चालेल ते रोज वेगळं. काम संपल्यावर बंद हो, असं सांगायचं. हँडब्रेक (व्हिडिओ रूपांतर करणारा) किंवा क्यूबिटटॉरंट (डाउनलोड करणारा) अशा प्रोग्रॅममध्ये काम झाल्यावर शटडाउन करायची सोय आतच असते. बॅकअप तुम्ही कमांडने घेत असाल तर त्याच्या मागे शटडाउन जोडता येतं, आणि इथे मी स्वतः सपशेल आपटलोय. रोबोकॉपी या विंडोजच्या फायली उतरवणाऱ्या कमांडने बाहेरच्या डिस्कवर नक्कल, मग दोन अँपरसँड (&) चिन्हं, मग शटडाउन. दोन अँपरसँड म्हणजे पहिलं काम यशस्वी झालं तरच दुसरं कर. वाचायला बिनचूक. पण सकाळी यंत्र कधी बंद सापडायचं, कधी चालू, आणि नक्कल मात्र दोन्ही वेळा नीट झालेली. दोन आठवडे मी केबल बदलल्या, डिस्क तपासली, टास्क पुसून परत बनवला. शेवटी एका रात्री समोर बसून राहिलो तेव्हा लक्षात आलं: ज्या दिवशी एकही नवी फाइल नसते त्याच रात्री यंत्र बंद होतं.

रोबोकॉपी काम संपल्यावर एक आकडा परत देतो. बहुतेक प्रोग्रॅमांत ० म्हणजे यश आणि बाकी सगळं अपयश. रोबोकॉपीत ० म्हणजे नक्कल करण्यासारखं काही नव्हतं, १ म्हणजे फायली नीट उतरल्या, आणि ८ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे काहीतरी खरंच चुकलं. माझ्या दोन अँपरसँडना १ दिसला की ते ‘अपयश’ समजून शटडाउन गाळायचे. यश मिळालं म्हणून शिक्षा. उपाय सोपा आहे: बॅच फाइलमध्ये (एकामागून एक कमांड लिहिलेली फाइल) रोबोकॉपीच्या पुढच्या ओळीत ‘इफ एररलेव्हल ८’ असेल तर बाहेर पड, असं लिहायचं आणि त्याखाली शटडाउन /एस /टी १२०. बॅकअप फसला तर यंत्र चालू राहतं आणि सकाळी पडद्यावर कारण दिसतं. बंद होऊन पुरावा पुसण्यापेक्षा ते बरं.

मुलांना रात्री संगणकावरून उठवण्यासाठीही हीच युक्ती चालेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. मुलं बटण दाबून परत चालू करतात, आणि /ए शॉर्टकट तर तुम्हीच डेस्कटॉपवर ठेवलेला असतो. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यासाठी खात्याच्याच वेळा बांधायच्या: मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर फॅमिली सेफ्टीत स्क्रीन टाइम, स्थानिक खातं असेल तर नेट यूजर या कमांडला /टाइम्स जोडून. दुसऱ्या प्रकारात वेळ संपल्यावर नव्याने लॉगिन होत नाही, पण आधीच आत असलेल्याला घरगुती यंत्र बाहेर काढत नाही, हे माहीत असू द्या.

विंडोज नसलेल्या घरांसाठी थोडक्यात. लिनक्सवर शटडाउन -पी +६० म्हणजे साठ मिनिटांनी बंद, शटडाउन -पी २३:३० म्हणजे त्या वेळेला, रद्द करायला शटडाउन -सी. लक्षात ठेवायची गोष्ट ही की इथे आकडा मिनिटांचा आहे, विंडोजवर सेकंदांचा. विंडोजच्या सवयीने +३६०० लिहिलंत तर यंत्र अडीच दिवसांनी बंद होईल. लिनक्सच्या सवयीने विंडोजवर /टी ६० लिहिलंत तर एका मिनिटात, तेही जबरदस्तीने. रोजचं काम रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉन या वेळापत्रक चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत टाका. क्रॉन हुकलेली वेळ भरून काढत नाही, आपल्याला तेच हवंय. त्याऐवजी सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाचा टायमर वापरत असाल तर त्यातलं पर्सिस्टंट (हुकलेली वेळ भरून काढणारं) चालू करू नका, नाहीतर तुमचा सकाळचा किस्सा तिथेही घडेल.

मॅकवर वेळापत्रकाचा पर्याय पूर्वी एनर्जी सेव्हरमध्ये होता. २०२२ च्या व्हेंचुरापासून तो सेटिंग्जमधून गेला. आता टर्मिनलमध्ये सुडो पीएमसेट रिपीट शटडाउन, मग वारांची अक्षरं, मग २३:३०:००. वारांत मंगळवार टी असल्यामुळे गुरुवार आर, आणि शनिवार एस असल्यामुळे रविवार यू. लागलंय का ते पीएमसेट -जी शेड सांगतं. मॅक इथे विंडोजपेक्षा मवाळ आहे: न जतन केलेला दस्तऐवज उघडा असेल तर बंद होणं अडू शकतं. झोपलेला मॅक झोपलेलाच राहतो.

तुमच्या यंत्राकडे परत येतो. बदल केल्यावर रात्रीची वाट पाहू नका. टास्कची वेळ पाच मिनिटं पुढची लावा. आयडलची अट घातली असेल तर चाचणीपुरती काढा. चार्जर काढा, बहिणीच्या खात्यातून लॉगिन करा, एका दस्तऐवजात चार ओळी लिहून मुद्दाम जतन न करता सोडा आणि बाजूला बसून पाहा. वेळ टाकताना दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांत गल्लत होते, एएम-पीएम दोनदा वाचा. आणि त्या चार ओळी नोटपॅडमध्ये लिहू नका. विंडोज ११ चा नोटपॅड न जतन केलेला मजकूर स्वतःच सांभाळून ठेवतो. चाचणी पास झाल्यासारखी वाटेल आणि वडील मात्र लिहितात वर्डमध्ये.